हुकमाचा श्वास

एका राज्यात सगळे सुरळीत होते, आणि तेच राणी मंजुघोषेला खरे वाटत नव्हते. मांडीवर नवजात राजकन्या इंदुलेखा. लेक झोपली की राणी तिच्या नाकाशी बोट धरी, जागी झाली की दृष्ट काढी, मग पुन्हा बोट.

"राणीसाहेब," दाई म्हणाली, "मघाशी तुम्ही न्हायला गेलात, तेव्हाही ती श्वास घेतच होती हो."

"तू पाहत होतीस? सगळा वेळ?"

सिंहासनावर डोळा ठेवून असलेला मांत्रिक धूम्रकेश हीच वेळ साधून आला. "राणी, वर माग."

"माझ्या हुकमावाचून माझ्या लेकीच्या देहात काही म्हणता काही होऊ नये."

"दिला."

आणि राजकन्येचा श्वास थांबला.

"श्वास घे!" राणी किंचाळली. लेकीने घेतला, पुन्हा थांबली. "घे!" घेतला. ओठ पांढरे पडले. "काळजा, चाल!" पोटातले दूध तसेच राहिले. "पोटा, पचव!" दुपारपर्यंत राणीचा घसा बसला. आपली पापणी मिटली की लेक गेली, हे तिला कळून चुकले.

खिडकीतली साळुंकी बोलली, "शहाणीच आहेस! जे काम तिघे न सांगता करत होते, ते एकटीने मागून घेतलंस. धावरा, विसावा आणि जलमावशी. तुझ्या वराने ते तिच्या देहाबाहेर फेकले गेले. जा, आण त्यांना. वाघदरी, कमळतळे, तांबडनदीचा उगम."

राणीने लेक छातीशी बांधली आणि "घे, घे" म्हणत चालू लागली.

वाघदरीत वाघाने झेप घेतली. विचार करायच्या आत राणी "घे, घे" म्हणतच पळत होती. तोंड कोरडे, डोळ्यांच्या बाहुल्या रुंद, काळीज ढोलासारखे. कड्यावर पोचली, तर तेथे घामाघूम घोडेस्वार उभा. तोच धावरा.

"बाईसाहेब, तुमच्या पायांना हुकूम कोणी दिला?"

"कोणीच नाही."

"तुमच्यातल्या माझ्या भावाने दिला. तुम्हाला विचारत बसला असता, तर वाघ जेवला असता."

तो मागोमाग निघाला. कमळतळ्यावर विसावा पाय सोडून बसला होता.

"टेका जरा. वाघ गेला."

"मला वेळ नाही!"

विसाव्याने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. काळीज संथ झाले, तोंडाला पाणी सुटले, पोट गुरगुरले. राणीला त्याचा राग आला, आणि तोही ओसरला.

"धावरा घोडा उधळवतो, मी लगाम ओढतो," तो म्हणाला. "एकट्याच्या हाती घोडा मरतो."

विसावाही सोबत निघाला. तांबडनदीच्या उगमाशी मटाराएवढ्या झोपडीत जलमावशी राहत होती. तिच्या नावा, इवल्या होड्या, तांबड्या नदीतून देहभर फिरत. एक नाव हाडांना वाढायला सांगे, एक कंठाशी जाऊन देहाची ऊब राखवी. प्रत्येक नावेत किल्ली, आणि ती ठरल्या दारालाच लागे. कमी पडले की मावशी नाव सोडी, पुरे झाले की अडवी.

"मावशी, चला."

"येते गं. पण तुझा हुकूम आत आहे तोवर आम्हाला पाय ठेवायला जागा नाही. एक श्वास आमच्यावर सोड."

"आणि तिने नाहीच घेतला तर?"

मावशीने पहिली नाव काठाशी ओढून आणली.

राणीने तोंड मिटले. लेकीचा ऊर हलेना. ओठ निळे झाले. धुरातून धूम्रकेश प्रकटला. "कसली आई तू? हुकूम दे! मरते ती!"

राणीने स्वतःचा ओठ चावला, रक्त आले, पण शब्द आला नाही. धावरा शिरला, विसावा शिरला, मावशीची पहिली नाव नदीत सुटली.

राजकन्येचे पोट उचलले.

तो श्वास तिचा होता. त्यामागून दुसरा आला, आणि तिसऱ्यावर तिने असे भोकाड पसरले की डोंगर दुमदुमले आणि धूम्रकेश राखेसारखा उडून गेला. मागोमाग उडत आलेली साळुंकी ओरडली, "रडली! रडली गं बाई!"

ते रडणे ऐकताच राणीची चोळी भिजली. पान्हा फुटला होता. कोणीही हुकूम दिला नव्हता.

लेक प्यायली, तृप्त झाली, आणि मायलेकी नदीकाठीच झोपल्या. त्यांना शोधत राजा हत्ती घेऊन आला, पण त्यांना न उठवता हत्तींना पाणी पाजत बसून राहिला. राणी जागी झाली तेव्हाच नगारे वाजले, आणि त्या तालावर काळजीने थांबलेले सारे राज्य पुन्हा आपापल्या कामाला लागले.