खळ वाळेपर्यंत

"म्हणजे हे सगळं परत काढायचं?" डॉक्टर उपाध्यांनी विचारलं.

दस्तगीरचाचांनी मान हलवली.

"मी चिकटवलेलं पण?"

"ते आधी."

डॉक्टरांनी झब्ब्याच्या बाह्या वर सारल्या.

मिरजेत चाचांच्या घरामागच्या अंगणात, चिंचेखाली गाडी उभी होती. डॉक्टर हेमचंद्र उपाध्यांच्या वडिलांची. वडीलही डॉक्टरच. कृष्णाकाठच्या गावांतून याच गाडीनं ते रात्री-अपरात्री बाळंतपणाला जायचे. सत्तर वर्षांची विलायती गाडी, पण इंजिन अजून ठणठणीत. झिजलं होतं ते डॅशबोर्डावरचं चामडं. काचेतून येणाऱ्या उन्हानं ते आक्रसलं होतं, कडेनं सुटलं होतं आणि शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं वर वळलं होतं.

सांगलीतल्या तीन दुकानदारांनी एकच सल्ला दिला. काढून टाका, रेक्झिन घाला. डॉक्टर तिथून तणतणत घरी आले, स्वतःच सोल्युशनचा डबा आणला आणि तीनदा चामडं चिकटवलं. तीनदा ते सुटलं. मग कुणीतरी चाचांचं नाव सांगितलं.

चाचांचं सगळं आयुष्य कुशनच्या कामात गेलं होतं. घोड्याच्या खोगिरापासून मोटारीच्या हुडापर्यंत त्यांनी सगळं शिवलं होतं. आता ऐंशी झाली होती. दुकान बंद करून, मनाला येईल तेवढंच काम घरी घ्यायचे.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती. काम मी करणार, तुम्ही फक्त सांगायचं. चाचांनी लगेच बरं म्हटलं. इतक्या लगेच, की डॉक्टरांना थोडं अपमानासारखंच वाटलं.

"चाळीस वर्षं कातडी शिवलीय मी, चाचा," ते म्हणाले. "कडबाकुट्टीत तुटलेली बोटं जोडलीत. भाजलेल्या बाईचा गाल तिच्याच मांडीच्या कातडीनं भरून दिलाय. हे तर नुसतं चामडं."

चाचांनी वाकून सुटलेल्या कडेचा वास घेतला.

"ती कातडी जिवंत होती, डॉक्टर. तुमचा एखादा टाका चुकला तरी ती आपणहून भरून येते. ही मेलेली. ही तुम्हाला काही मदत करणार नाही."

डॉक्टरांना ते बोलणं लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

आणि एक गोष्ट त्यांनी चाचांना सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती.

गेल्या संक्रांतीपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. आधी फक्त करंगळी. मग पंजा. चैत्रात एका पोराच्या ओठाची शस्त्रक्रिया करताना सुईतला दोरा हलताना त्यांना दिसला. ती शस्त्रक्रिया त्यांनी पार पाडली, हात धुतले, बाहेर आले, आणि त्यानंतर पुन्हा आत गेले नाहीत. हॉस्पिटलात सांगितलं, पाठ धरलीय. बायकोला, रत्नप्रभाबाईंना, तेच सांगितलं. कुणा डॉक्टरला दाखवावं तर गावातले निम्मे डॉक्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांच्यापुढं हा हात कसा धरायचा?

म्हणून हा डॅशबोर्ड. हे चामडं आपल्या हातानं नीट बसलं, तर हात अजून आपला आहे... इतकं उघड ते स्वतःशीही म्हणाले नव्हते. पण होतं तसंच.

पहिले दोन दिवस खरवडण्यात गेले. चामडं अलगद सोडवलं, आणि त्याच्या पाठीला आणि खालच्या फळीला चिकटलेलं सोल्युशन रापीनं, म्हणजे चामडं तासायच्या बोथट पात्यानं, खरवडायचं. चाचा डावीकडच्या सीटवर शाल पांघरून बसत. मार्गशीर्षातली थंडी होती. ते हनुवटीनं जागा दाखवत, डॉक्टर तिथं खरवडत. दोन्ही हातांनी रापी घट्ट धरली की थरथर दिसत नसे. मध्ये चहा आला की डॉक्टर पेला डाव्या हातानं उचलत आणि तोंड चिंचेकडं करून पीत.

"एवढं कसं साठलं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"प्रत्येक वेळी खालचं न काढता वरून लावलंत."

"वरून लावून काय बिघडलं?"

"तुमचं चामडं फळीला चिकटलंच नाही. ते तुमच्या जुन्या चुकीला चिकटलं."

डॉक्टरांनी खरवडणं चालू ठेवलं.

तिसऱ्या दिवशी चामडं पालथं घालून त्याला एरंडेल लावलं. ते कडेपासून करंगळीभर आत आक्रसलं होतं. डॉक्टरांनी ते ओढून पाहिलं, तर चाचांनी नुसता घसा खाकरला.

"ओढू नका. येईल तेवढं घ्या."

"आणि नाही आलं तर?"

"उद्या परत विचारा त्याला."

रोज एक ओला फडका, थोडं तेल, आणि येईल तेवढं घेणं. डॉक्टरांना आधी याचा वैताग आला. पाचव्या दिवशी चामडं सगळीकडून कडेला पोचलं तेव्हा मात्र ते लहान मुलासारखे खूश झाले आणि गाडीभोवती एक फेरी मारून आले. चाचा हसले. त्या दिवशी त्यांनी सुनेला सांगून चहाबरोबर नानकटाई मागवली.

सहाव्या दिवशी खळ शिजवली. मैद्याची, किडा लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. सोल्युशनसारखी ती झटकन धरत नाही. चामड्याला तिच्यावर सरकायला, आपली जागा शोधायला वेळ मिळतो.

खळ लावून झाली. आता चामडं फळीवर पसरायचं होतं. दोन्ही तळहात मोकळे ठेवून, मधून कडेकडं, हलक्यानं, हवा बाहेर काढत. त्या कामात हात कुठं लपवता येत नाही.

डॉक्टर थांबले.

"चाचा, एवढं तुम्ही करा," ते म्हणाले. "माझी पाठ धरलीय."

चाचांनी त्यांच्याकडं पाहिलं...

"पाठ," ते म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी शाल बाजूला सारली आणि उजवा हात चामड्यावर ठेवला.

हात थरथरत होता. डॉक्टरांच्या हातापेक्षा कितीतरी जास्त. चालू गिरणीच्या भिंतीला हात लावावा तसा.

डॉक्टर बघतच राहिले. सहा दिवस ते या माणसाशेजारी बसले होते. रोज बरोबर चहा घेतला होता. शाल थंडीसाठी होती, लपवायला नव्हती. चाळीस वर्षं लोकांचे हात पाहण्यात घालवलेल्या माणसाला हा हात दिसला नव्हता. आपला लपवण्याच्या नादात त्यांनी समोरच्याचा पाहिलाच नव्हता.

चाचांचा तळहात मधून कडेकडं सरकत होता. त्या थरथरीखाली हवेचा एकेक फुगा पुढं पळत होता, कडेला येऊन विरत होता. मागं चामडं सपाट बसत चाललं होतं.

"केव्हापासून?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"दहा-बारा वर्षं झाली असतील."

"औषध?"

"घेतो की. सकाळ-संध्याकाळ. हात कधी ऐकतो, कधी नाही."

"घरी केव्हा सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात?" चाचांचा हात थांबला नाही. "लपवलं असतं, तर सांगावं लागलं असतं."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. त्यांचा हात मांडीखाली दाबलेला होता.

"काचेकडची कड राहिलीय," चाचा म्हणाले. "माझा हात पोचत नाही तिथं."

चाचांचा हात पोचला असता. दोघांनाही ते कळत होतं.

डॉक्टरांनी मांडीखालचा हात काढला आणि चामड्यावर ठेवला.

दोन हात शेजारी शेजारी थरथरत राहिले. दोघांची लय वेगळी होती. एक थांबला की दुसरा सुरू व्हायचा. काचेकडची कड पुन्हा पुन्हा मागं ओढ घेत होती, कारण कित्येक वर्षं तिला तसं वळायची सवय लागली होती. खळ धरेपर्यंत ती दाबून ठेवायची होती. डॉक्टरांनी तळहात पसरला आणि दाबला.

तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं. रत्नप्रभाबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. सहा दिवसांत पहिल्यांदाच.

डॉक्टरांचा हात सवयीनं मागं आला. कड लगेच उचलली गेली.

"सुटेल," चाचा म्हणाले.

पावलं गाडीकडं येत होती...

डॉक्टरांनी हात पुन्हा कडेवर ठेवला आणि धरून ठेवला.

बाई खिडकीशी आल्या. त्यांनी चाचांचा हात पाहिला, मग नवऱ्याचा. डॉक्टरांच्या ओठावर पाठीचं दुखणं आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"रत्ना, माझा हात..."

"चैत्रापासून दिसतोय मला," त्या म्हणाल्या. "बटणांचे शर्ट सोडून झब्बे घालायला लागलात तेव्हापासून. तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

पुण्याला एक डॉक्टर आहेत, ते ना तुमचे गुरू ना विद्यार्थी, त्यांना दाखवू, असं बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी मान डोलावली. इतकं सोपं होतं ते, आणि त्याला दहा महिने लागले होते.

मग बाईंनी मागच्या सीटवर डबा उघडला आणि दोघांना जेवायला बोलावलं. मला हात काढता येत नाही, डॉक्टर म्हणाले. बाईंनी क्षणभर विचार केला. पोळीचा तुकडा मोडला, दोडक्याच्या भाजीत बुडवला आणि खिडकीतून त्यांच्या तोंडापुढं धरला. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. पंगतीतला घासही डॉक्टरांनी लाजत, चार लोकांनी आग्रह केल्यावर घेतला होता. आताही कान तापले. पण त्यांनी तोंड उघडलं.

चाचांनी मान वळवून चिंचेकडं बघायला सुरुवात केली.

दुसरा घास झाला, तिसरा झाला. चाचांनाही बाईंनी पोळीत भाजी गुंडाळून दिली, ती त्यांनी डाव्या हातानं खाल्ली. ऊन काचेवरून सरकून बॉनेटवर गेलं. कड आता ओढ घेत होती की नाही, ते डॉक्टरांना नीटसं कळत नव्हतं.

"चाचा," त्यांनी शेवटी विचारलं, "हात काढायचा कधी?"

चाचांचे डोळे मिटले होते.

"हात विसरलात की मग काढा."