मेस्त्रींच्या पिस्तुलाची दारू

ही गोष्ट अगदी खरी आहे. रवळनाथाची शपथ, मी स्वतः त्या मांडवात उभा होतो. म्हणजे मी नव्हे, माझे वडील उभे होते. तेही तेव्हा पाळण्यात होते, म्हणजे आडवे होते. पण कान उघडे होते.

तर एका गावात एक भोळा भाचा होता. नाव धाकू. मामाकडे राहायचा, मामाचं ऐकायचा. ऐकायचा म्हणजे शब्दन् शब्द ऐकायचा. तिथंच सगळा घोळ होता.

मामा म्हणजे अनाजी मेस्त्री. त्यांच्या लेकीचं, शेवंतीचं लग्न होतं. मेस्त्रींच्या घराण्यात एक चाल होती. लग्नाच्या दिवशी मुलीच्या घरून पिस्तुलाचा बार काढायचा आणि घरी ओतलेली शिशाची गोळी परसातल्या वठलेल्या फणसाच्या खोडात मारायची. तो आवाज ऐकल्याशिवाय वरात वेशीच्या आत यायची नाही. नवरदेव घोड्यावर बसून बाहेर वाट बघायचा. बार नाही झाला तर वरात आल्या वाटेनं परत.

पिस्तूल पणजोबांच्या वेळचं, ठासणीचं. आधी दारू भरायची, वर गोळी घालायची, गजानं ठासायचं. आणि नेमका मेस्त्रींचा उजवा हात कामावर पोळलेला.

"धाकू," मामा म्हणाले, "जा, दारू आण आणि पिस्तुलात भर. चांगली बघून आण."

धाकू पिस्तूल घेऊन तडक हातभट्टीवर गेला.

"चांगली दारू दे."

"काजूची की माडाची?"

"पिस्तुलाला कुठली सोसेल?"

भट्टीवाल्यानं पिस्तूल हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "वय झालंय रे ह्याचं. माडाचीच ने."

धाकूनं माडाची नेली. नळीत काठोकाठ ओतली.

मामांनी पिस्तूल हुंगलं. "अरे गाढवा, हे शुद्धीवर तरी आहे का? पिस्तुलाची दारू काळी असते, कोरडी असते. चिमटीत धरली की भुकटी. आलं ध्यानात?"

"आलं. काळी, कोरडी, भुकटी."

धाकू घरात शिरला. चुलीपाशी मामांच्या म्हाताऱ्या आत्येचा मिशेरीचा डबा होता. काळी, कोरडी, भुकटी. धाकूनं पिस्तूल पुसलं आणि डबा त्यात रिकामा केला.

थोड्या वेळानं आत्ये ओठ दुमडून अंगणात आली. "माझी मिशेरी कुणी नेली?"

"पिस्तुलाला लागली गो."

"त्याला दात तरी आहेत का मेल्या?"

मामांनी डावा हात कपाळावर मारून घेतला. "अरे, खरी दारू पेट घेते. काडी लावून बघायचं. भप्प झालं की खरी. माळ्यावर पत्र्याचा डबा आहे, तो काढ. पण आधी पारखून बघ."

धाकूनं डबा काढला. लांब परसात नेला. काडी लावली. भप्प झालं.

तो परत आला तेव्हा त्याला भुवया नव्हत्या. "मामा, खरी होती. शेवटच्या कणापर्यंत खरी."

शेवंती हळदीच्या अंगानं तशीच बाहेर आली. "बाबा, ह्याला गोठ्यात बांधून ठेवा. नाहीतर माझं लग्न पुढच्या जन्मी होईल."

"धाकू, बाबा," मेस्त्री म्हणाले, "शितावरून भाताची परीक्षा करतात रे. एक शीत दाबून बघायचं. अख्खं पातेलं नाही."

त्यांनी खुंटीवरचं जुनं शिंग काढून हलवलं. तळाशी थोडी दारू वाजली. जेमतेम एका बारापुरती. "आता ही गेली तर वरात गेली. तू दारूला हात लावू नको. शिसं वितळव, साच्यात ओत, गोळ्या कर. आणि झाल्या की पारखून बघ."

साचा मामीच्या हाताशी होता. ती गणपतीच्या नैवेद्याचे मोदक करत होती. धाकूनं तोच उचलला. गोळ्या फार देखण्या झाल्या. प्रत्येकीला कळ्या आल्या, वर नाक आलं. राहिली पारख. अख्खं पातेलं नको, एकच शीत. त्यानं एक गोळी नैवेद्याच्या ताटात ठेवली. देवाला चालली तर सगळ्या चांगल्या.

तेवढ्यात वेशीवरून नवऱ्याचे काका चौकशीला आले. बाबलकाका. माणूस मुळात रुसका, त्यात उन्हात उभा राहिलेला. मामीनं गडबडीनं ताट पुढं केलं. एवढ्या मोदकांतून काकांनी नेमका तोच उचलला.

कट्.

काकांनी दात तळहातावर घेऊन पाहिला. "सारण जरा घट्ट झालंय वहिनी," ते म्हणाले. मग उठले. "मी वेशीवर जातो. हे ऊन पायरीवरून उतरेपर्यंत बार ऐकू आला नाही, तर आम्ही घोडा वळवतो."

ऊन शेवटच्या पायरीवर आलं होतं. मेस्त्रींनी डाव्या हातानं धडपडत स्वतः गोळी ओतली. स्वतः दारू भरली. स्वतः ठासलं. पिस्तूल परसातल्या दगडावर ठेवून खोडावर नेम धरला. पण त्या पिस्तुलाचा चाप कधीच तुटला होता. घोडा हातानं ओढून सोडावा लागायचा, आणि तो इतका ताठ की डाव्या हाताला दाद देईना.

"धाकू, नीट ऐक. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. मी सांगतो तेवढंच करायचं. घोडा मागे ओढायचा आणि सोडायचा. बस्स."

"घोडा मागे ओढायचा आणि सोडायचा."

"शाबास."

सगळ्यांनी डोळे मिटले, कानांत बोटं घातली आणि उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. आत्येनं आधी डोळा उघडला. पिस्तूल दगडावर होतं. धाकू नव्हता.

मग धाकू धापा टाकत आला. "झालं, मामा. मागे ओढला. येत नव्हता, पण ओढला. मग सोडला. गेला नदीपलीकडं."

"कोण गेला?"

"घोडा."

"अरे, मग आवाज कुठं आला?"

"आवाज नवरदेवानं केला."

मेस्त्री मटकन खाली बसले. त्यांनी पिस्तुलाच्या त्या लोखंडी तुकड्यावर बोट ठेवलं. "घोडा म्हणजे हा रे. हा. आयुष्यात पुन्हा विसरू नको. घोडा म्हणजे हा."

"घोडा म्हणजे हा," धाकू म्हणाला.

शेवंती पुढं झाली. तिनं मुंडावळ्या मागे टाकल्या, दोन्ही हातांनी घोडा ओढला आणि सोडला. ढाण्. गोळी खोडात जाऊन बसली.

आता तो घोडा होता लग्नातला. नवरा कोण, सासर कुठलं, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. बार झाला की मांडवात हरभरे मिळतात, एवढं त्याला ठाऊक होतं. नदीपलीकडं त्यानं कान टवकारले. वरातीच्या कितीतरी आधी तो मांडवात हजर. मानेला मिठी मारून नवरदेव. फेटा नदीत. मागून वाजंत्री पळतायत, त्यांच्या मागून बाबलकाका.

लग्न मुहूर्तावर लागलं. जेवणं झाली. निघायची वेळ झाली तसे काका म्हणाले, "अहो धाकोबा, नवरदेवाला घोड्यावर बसवा बघू."

एकदा चुकलेला माणूस पुन्हा कसा चुकेल? धाकू आत गेला. त्यानं मांडवात पाट मांडला. पाटावर पिस्तूल ठेवलं. त्याला हळदकुंकू लावलं. मग नवरदेवाचा हात धरून अदबीनं म्हणाला, "बसा भावोजी. जरा लहान आहे. शेवंतीला मागून चालत यावं लागेल."

नवरदेवानं पिस्तुलाकडं बघितलं. मग हरभरे खात असलेल्या घोड्याकडं बघितलं. आणि निमूट पाटावर जाऊन बसला.

आता यातलं पदरचं काय, ते सांगून टाकतो. मोदक मी घातला. शिशाची गोळी मोदकासारखी नव्हतीच. करंजीसारखी होती.