टिटवीमाळाचे पांढरे दगड

बागेच्या मधोमध हिरवळ असेल, असं मी धरून चालले होते. परदेशात बागांच्या रचनेचं शिक्षण घेताना मी आपल्या शहराचा नकाशा टेबलासमोर चिकटवून ठेवला होता. त्यात खडकेवाडी भागात एक मोठा हिरवा ठिपका होता आणि त्यावर नाव होतं, टिटवीमाळ उद्यान. तिथे दाट झाडी असेल, एखादं तळं असेल, माणसं गवतावर बसलेली असतील, असं चित्र मी त्या ठिपक्यावरून रंगवलं होतं.

परत आल्यावर पाहिलं ते वेगळंच होतं. फाटकापाशी थोडे कडुनिंब, करंज आणि मुलांच्या घसरगुंड्या आहेत. तिथून पायवाट चढावर जाते आणि वर पोचल्यावर काहीच नाही. नुसता मुरूम, पिवळं कुसळी गवत आणि त्याभोवती चुन्याने रंगवलेल्या दगडांचं एक मोठं कडं. दगडांच्या बाहेरच्या अंगाला जागोजाग मातीचे परळ ठेवलेले, पाण्याने भरलेले. सकाळी फिरायला येणारी माणसं वर चढतात, दगडांपाशी पोचतात आणि वळसा घालून पुढे जातात. आत कोणी पाऊल टाकत नाही. मुलांचा चेंडू आत गेला तर तो तिथेच राहतो. उन्हाने विटलेले चार-पाच चेंडू मी पहिल्याच दिवशी पाहिले. बागेची एवढी हेळसांड कोणी होऊ दिली, याचा मला राग आला होता.

रागाला आणखी एक कारण होतं. शहरात ओसाड दिसणारी जागा टिकत नाही. माळाच्या माथ्यावर वाहनतळ करावा, अशी मागणी बाजारपेठेतल्या काहींनी लावून धरली होती. आम्ही विशी-पंचविशीतली मुलंमुली एकत्र आलो, कचरा उचलला, सह्या गोळा केल्या आणि माळावर झाडं लावायची परवानगी मिळवली. एकदा माथ्यावर झाडं उभी राहिली की त्यांना तोडून गाड्या लावायची हिंमत कोणी करणार नाही, हा आमचा हिशेब. मृगाच्या आधी खड्डे व्हायला हवे होते. रविवारी सकाळचा जेसीबी ठरला होता आणि शनिवारी संध्याकाळी आम्ही चुन्याची फक्की घेऊन खड्ड्यांच्या खुणा करायला वर गेलो.

मी दगड ओलांडून आत पहिली खूण केली आणि मागून आवाज आला, "मागं सरका."

त्या कौसल्या दुधाळ. सगळा माळ त्यांना कौसाक्का म्हणतो. त्या एसटीत कंडक्टर होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. जवळ येऊन म्हणाल्या, "जन्मभर 'पुढं सरका' म्हणून घसा बसवला. आता म्हातारपणी 'मागं सरका' म्हणायची पाळी आली."

त्यांच्याबरोबर मुजावरमामा होते. घड्याळं दुरुस्त करणारे. रोज संध्याकाळी दोघं बरोबरच फिरतात आणि फिरताना भांडतात. मी त्यांना परवानगीचं सांगितलं. कौसाक्का म्हणाल्या की परवानगी असेल तर खणा, मी कोण अडवणारी? मग आत पाय का टाकायचा नाही, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. त्यावर त्यांनी बसायला खालचा एक कट्टा दाखवला. तिथे बसून त्यांनी सांगितलं ते असं.

खडकेवाडी तेव्हा शहरात नव्हती. नदीच्या वळणात वसलेलं लहानसं गाव होतं आणि गावाच्या मागे हा माळ. गावात तानू नावाची एक बाई होती म्हणे. नवरा नव्हता, जमीन नव्हती. गुरांच्या मागे माळभर फिरून ती शेण गोळा करी आणि गोवऱ्या थापून विकी. त्यामुळे माळावर काय चालतं ते तिच्याइतकं कोणी पाहत नसे.

टिटव्या दरवर्षी नदीच्या वाळूत अंडी घालत. जुन्या लोकांचा ठोकताळा असा की टिटवीने पात्रात अंडी घातली तर पाऊस बेताचा, आणि ती उंचावर गेली तर नदी गावात येणार. एका वैशाखात वाळूत एकही टिटवी दिसेना. सगळ्या माळाच्या माथ्यावर गेल्या होत्या. तानूने ते गावात सांगितलं. पाटलाने हसण्यावारी नेलं. टिटवी आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते, तिच्या भरवशावर गाव हलवायचं का, असं तो म्हणाला. शिवाय टिटवीचं ओरडणं अशुभ. पोरांना सांगून अंडी फोडून टाका, म्हणजे पीडा टळेल, असंही चावडीवर ठरलं.

तेव्हापासून तानू माथ्यावर जाऊन बसली. घोंगडीची सावली करून, अंड्यांपासून थोडी दूर. पोरं दगड घेऊन आली की ती शिव्या द्यायची. कसल्या शिव्या ते कौसाक्कांनी सांगितलं नाही. तुम्ही शिकलेली पोरं आहात, एवढंच म्हणाल्या. गावाने तिच्या गोवऱ्या घेणं बंद केलं. वैशाखाच्या त्या उन्हात तिने एक पाहिलं असं सांगतात. टिटवी नदीवर जाते, पोटाची पिसं पाण्यात भिजवते आणि उडत येऊन अंड्यांवर बसते, म्हणजे ती उन्हाने शिजू नयेत. दिवसभर तिची तीच फेरी. तानूने मग आपल्या प्यायच्या पाण्यातलं थोडं एका परळात ओतून ठेवायला सुरुवात केली.

"हे सगळं हिला कुणी सांगितलं?" मुजावरमामा मध्येच म्हणाले. "तानूनं काय हिच्या गाडीचं तिकीट काढलं होतं?"

"तिला पास होता," कौसाक्का म्हणाल्या आणि पुढे सांगू लागल्या.

पावसाळा लागला आणि लागला तो थांबलाच नाही. एका सकाळी पाणी घरांत शिरलं. पाऊस इतका की हात लांब केला तर बोटं दिसेनात. वेशीचा रस्ता गेला होता, माळ कोणत्या बाजूला आहे तेही कळेना. अशा वेळी लोकांना वरून टिटव्यांचं ओरडणं ऐकू आलं. कालपर्यंत जो आवाज ऐकला की बाया दारं लावून घेत, त्याच आवाजाच्या रोखाने सगळं गाव चालत निघालं. पोरं खांद्यावर, म्हातारी पाठीवर, गुरं मोकळी सोडून. कोणी म्हणतं, पाखरं आपणहून ओरडत होती. मुजावरमामांचं म्हणणं असं की तानू मुद्दाम अंड्यांच्या अवतीभोवती फिरत राहिली, म्हणून ती गप्प बसली नाहीत. यावर त्या दोघांचं कधीच एकमत झालेलं नाही.

गाव वर पोचलं. पण माळाचा उतार भिजून चिखल झाला होता आणि पाणी मागून चढत होतं. कोरडी म्हणावी अशी जागा फक्त माथ्यावर, आणि तिथेच अंडी. पाटलाची आई थंडीने काकडत होती. तिला घेऊन तो पुढे निघाला तेव्हा तानू आडवी आली. तिने जे म्हटलं ते कौसाक्कांनी हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"पाटील, तिथं माणूस न्हाई म्हणून ती जागा मोकळी न्हाई. तिथं घर हाय. त्या घरानं हाक मारली म्हणून तुम्ही हितं उभं हाय."

पाटलाने आईला पाठीवरून खाली उतरवलं म्हणे. मग त्याने वाकून एक दगड उचलला आणि अंड्यांच्या अलीकडे ठेवला. आईला त्याने पुन्हा पाठीवर घेतलं. ते पाहून बाकीच्यांनीही दगड आणले. गर्दीच्या रेट्यात कोणाचा पाय आत पडू नये म्हणून माथ्याभोवती कडं घातलं आणि सगळं गाव कड्याच्या बाहेर, चिखलात, एकमेकांना धरून उभं राहिलं. पाणी त्यांच्या घोट्यांपर्यंत आलं. दगडांना लागलं आणि तिथे थांबलं. आत गेलं नाही.

पूर ओसरल्यावर पाटलाने त्या दगडावर हात ठेवून शब्द दिला. चैत्र लागल्यापासून शेवटचं पिल्लू पळायला लागेपर्यंत कोणाचा पाय, कोणाचा नांगर, कोणाच्या गुराचा खूर या दगडांच्या आत जाणार नाही. तोच शब्द गाव पाळत आलं. पुढे नदीला भिंती घातल्या, ती माळापासून दूर गेली, गावाचं शहर झालं. टिटवीला पोट भिजवायला पाणी उरलं नाही. म्हणून माळावर येणाऱ्याने घरून पाणी आणून परळात ओतायचं, अशी रीत पडली.

तानूचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. काही जण सांगतात की त्या पुरातच ती तापाने गेली आणि दगडांमधला एक, जरा तिरका, तिच्या नावाचा आहे. कौसाक्कांना ते पटत नाही. त्यांच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे तानू पुष्कळ जगली आणि शेवटपर्यंत माळावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देत राहिली.

गोष्ट संपली. मला वाटलं होतं, त्या आता झाडं लावू नका असं सांगतील. त्या तसं काही बोलल्या नाहीत. मीच विचारलं, मग लावायची का?

"मला विचारशील तर मला सावली पायजे," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे चढावर बोलायला लागतात. दगडांचं विचारलंस, दगडांचं सांगितलं."

मुजावरमामा तर सरळ आमच्या बाजूचे निघाले. झाडं लावा, म्हणाले. मोकळ्या जागेवर सगळ्या शहराचा डोळा असतो. वाहनतळ झाला तर टिटवी काय गाड्यांच्या टपावर अंडी घालणार? त्यांचं खोटं नव्हतं. आमचं काम चुकीचं असतं तर मला ते सोडून देता आलं असतं. पण ते चुकीचं नव्हतं, म्हणूनच कट्ट्यावरून उठवेना.

उजेड होता तोवर आम्ही पुन्हा वर गेलो. एक टिटवी परळाच्या कडेला उतरली, पाण्यात बसली, उठली आणि ओल्या पोटाने, जपून पावलं टाकत कड्याच्या आत गेली. मी केलेल्या खुणेच्या शेजारी ती खाली बसू लागली. तेव्हाच मला तिच्या पोटाखाली अंडी दिसली. मुरमाच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची. माझ्या पावलाचा ठसा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

आजही चैत्र लागला की खडकेवाडीची माणसं चुन्याची बादली घेऊन वर येतात आणि दगड पांढरे करतात. नव्या इमारतींत राहायला आलेली, ज्यांनी तानूचं नाव ऐकलेलं नाही, तीही इतरांचं पाहून वळसा घालतात आणि बाटलीतलं उरलेलं पाणी परळात ओततात. माळ ओसाड दिसतो तो फक्त ज्याला ही गोष्ट माहीत नाही त्याला. तशी माणसं शहरात वाढत चालली आहेत, आणि शनिवार संध्याकाळपर्यंत मीही त्यांतलीच होते.

रविवारी सकाळी मी पहिला फोन जेसीबीवाल्याला केला. माथ्यावर नको, खाली उतारावर, नाल्याच्या अंगाला ये, म्हणाले. वाहनतळ झालाच तर गाड्या आत शिरणार त्या बाजूने. तिथल्या कचऱ्याच्या जागी करंज आणि कडुनिंबांची दाट रांग लागली तर वाटही बंद होईल आणि कौसाक्कांच्या गुडघ्यांना चढाच्या अर्ध्यावर सावली मिळेल. दुसरा निरोप मी सगळ्या मुलामुलींना धाडला. कुदळीबरोबर येताना एकेक बाटली पाणी आणा. तिसरं, फाटकापाशी एक मोठा फलक लावायचा आणि त्यावर रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरांत ही गोष्ट लिहायची, असं ठरवलं. तिचा हा पहिला खर्डा आहे.

खड्डे सुरू व्हायच्या आधी मी एकटी वर जाऊन आले. परळ भरले. आत माझी फक्कीची खूण पांढरी दिसत होती. ती पुसायची तर दगड ओलांडावे लागले असते. चेंडूंसारखी तीही मी पावसावर सोडली.