शिळेवर राहून गेलेलं काम

अमेरिकेचे माजी अध्यक्ष ऑर्विल डनम वारले, तेव्हा त्यांच्या गावात शिळा उभारली गेली. तिच्यावर त्यांची सत्तेचाळीस कामं कोरली होती.

अनावरणाला आलेले राज्याचे गव्हर्नरसाहेब छाती फुगवून म्हणाले, "यातून सुटलेलं एक तरी काम दाखवा, मी स्वतः कोरून घेईन."

डनमांच्या शेजारची म्हातारी मेबल पुढे आली. जन्मभर पाव भाजणारी बाई.

गव्हर्नर हसले. "बाई, वाचता तरी येतं का?"

मेबलने ओळीओळीवर बोट ठेवून अख्खी शिळा मोठ्याने वाचली. "एक राहिलंय," ती म्हणाली.

"कोणतं?"

"आत्ता ऐकलंत ते. मी बासष्ट वर्षांची होईपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. अध्यक्षपद सोडून ते गावी आले आणि रोज माझ्या ओट्यावर, सांडलेल्या पिठात बोटाने गिरवून घेत त्यांनी मला शिकवलं."

गव्हर्नरांनी टोपी काढली आणि पाथरवटाला बोलावलं. अठ्ठेचाळिसावी ओळ मेबलने स्वतःच्या हाताने लिहून दिली.