सीमेचा दगड आणि ओडीलआजीचा कोबी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा माझे दातसुद्धा पुरे होते!

फ्रान्सच्या अगदी टोकाला, जर्मनांच्या शेजारी, एक चिमुकलं गाव होतं. नेमकं कुठं, ते मास्तरांना विचारा. भूगोलाच्या तासाला मी चिंचेवर असायचो. गावाबाहेर घागरीएवढा एक दगड होता. अलीकडे फ्रेंच राजा, पलीकडे जर्मन राजा. इकडचे शिपाई तो तिकडे ढकलायचे, तिकडचे इकडे. मधल्यामध्ये ओडीलआजीचा कोबी तुडवला जायचा.

आणि एका सकाळी दगड गायब!

झालं! दोन्हीकडून फौजा धावल्या, तोफा गावावर रोखल्या. "दुपारपर्यंत दगड द्या, नाहीतर गाव उडवतो!" दोन्ही सेनापती एका सुरात ओरडले. तेवढ्यापुरती मात्र एकी हं!

गाव चळाचळा कापू लागलं. तेवढ्यात ओडीलआजी हात पुसत दारात आली. "आरडता कशाला रे? माझ्याकडे आहे तो. खारवलेल्या कोबीवर वजन म्हणून ठेवलाय."

"सीमेचा दगड? कोबीवर?" फ्रेंच सेनापतीच्या मिशा थरथरल्या.

"मग? तुमच्याकडे काय काम करत होता?"

"काढ तो, म्हातारे!" जर्मन सेनापती गरजला.

आजीनं कोबीच्या पिंपावरचा दगड काढला, अंगणात ठेवला आणि त्यावरच फतकल मारून बसली! "वजन गेलं की कोबी नासतो. आधी पिंप रिकामं करा, मग मी उठते."

दगड आधी आपल्या हाती लागावा म्हणून दोन्ही फौजा पिंपावर तुटून पडल्या. "खा रे, त्यांच्या आधी संपवा!" अहाहा, काय ते खाणं! पिंप तरी केवढं, आपला पाटील मावला असता, पोटासकट! हळूहळू कमरेचे पट्टे सैल झाले. एक फ्रेंच शिपाई शेजारच्या जर्मनाला म्हणाला, "जरा सरक की. आणि तो पाव दे इकडं." शर्यत कोण जिंकलं, कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

आजी उठली. "घ्या दगड. पण पुढच्या हंगामात पिंपावर ठेवायला वजन नाही. म्हणजे कोबीही नाही."

दोन्ही फौजांनी रिकाम्या पिंपाकडे पाहिलं. मग एका जर्मन तोफवाल्यानं दगडाला हात घातला. दुसऱ्या बाजूनं त्या फ्रेंच शिपायानं घातला. दोघांनी दगड उचलला आणि थेट आजीच्या पिंपावर नेऊन ठेवला!

सेनापतींनी आपापल्या राजाला कळवलं, "दगड सापडत नाही, शोध चालू आहे." तेव्हापासून दरवर्षी दोन्ही फौजा शोधायला यायच्या. थाळ्या घेऊन!

तर पोरांनो, आणि मिशा पिकलेल्या पोरांनो, ध्यानात ठेवा: माणसांच्या मध्ये ठेवलेला दगड भांडणं लावतो, आणि कामाला लावलेला दगड दोघांचीही पोटं भरतो.