एल्मरातचे दोन भाऊ

आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट. युरोपात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, एल्मरात नावाचे एक चिमुकले राज्य होते. एक किल्ला, एक मठ, चार खेडी आणि जिकडेतिकडे सफरचंदाची झाडे. तिथल्या राजाला दोन मुलगे होते. थोरला ओटफ्रीड, धाकटा वोल्मार. आई लवकर गेली. मग थोरल्यानेच धाकट्याला अंगाखांद्यावर खेळवले. झाडे फुलली की त्यांच्याखाली चाललेला दोघांचा आरडाओरडा थेट किल्ल्याच्या बुरुजावर ऐकू येई, असे जुनी माणसे पुढे पुष्कळ वर्षे सांगत.

वडिलांमागे ओटफ्रीड गादीवर बसला. पण ते दिवस धर्मयुद्धांचे होते. जेरुसलेम जिंकायचे म्हणून मोठमोठे राजे सैन्य घेऊन समुद्रापार जात. धर्मोपदेशक गावोगाव फिरून तरुणांना साद घालत. ओटफ्रीडचेही रक्त तापले. त्याने अंगरख्याच्या खांद्यावर कापडाचा क्रूस शिवून घेतला आणि धाकट्याला जवळ बोलावले.

"वोल्मार, मी येईपर्यंत राज्य सांभाळ."

तो आलाच नाही. जेरुसलेमला पोचण्याआधीच इजिप्तच्या किनाऱ्यावर सैन्याची वाताहत झाली, एवढीच बातमी आली. वोल्मारने पुष्कळ वाट पाहिली. शेवटी मठात थोरल्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना झाली, आणि मठाधिपती गेरुंग यांनी धाकट्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. वोल्मारने कारभार नीट केला. नद्यांवर पूल बांधले, दुष्काळात किल्ल्याची कोठारे उघडली. बघता बघता त्याचे केस पिकले आणि मुलगा हाताशी आला.

त्या देशात एक रीत होती. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी राजाने बारा गरिबांचे पाय स्वतःच्या हातांनी धुवायचे. ख्रिस्ताने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ती आठवण. त्या वर्षीही मठाच्या ओवरीत बारा भिकारी रांगेने बसले. बाह्या सारून, अनवाणी, गुडघे टेकून राजा एकेकाचे पाय धुऊ लागला. रांगेच्या शेवटी एक म्हातारा होता. उन्हाने रापलेला, दाढी छातीपर्यंत, एक डोळा गेलेला. राजाने त्याच्या तळपायावरून हात फिरवला, तसा म्हाताऱ्याने झटकन पाय मागे ओढला. ओठ घट्ट मिटले, तरी नाकातून हसू फुटलेच.

राजाचा हात पाण्यातच थांबला.

लहानपणी दोघे भाऊ एकाच खाटेवर झोपत. सकाळी दादाला उठवायचे म्हणजे वोल्मार पांघरुणात शिरून त्याच्या तळपायांना गुदगुल्या करी. दादा अस्साच पाय ओढून घेई. अस्साच नाकातून हसे.

राजाने वर पाहिले. म्हाताऱ्याच्या उरलेल्या डोळ्यात पाणी तरळत होते.

"पाणी गार होतंय, महाराज," तो हलकेच म्हणाला. "आटपा लवकर."

राजाने मान खाली घातली. पाय पुसले. भिकाऱ्यांना पाव आणि कपडे वाटले गेले आणि ते उठून फाटकाकडे निघाले. वोल्मारने मठाधिपतींना बाजूला घेतले.

"तो शेवटचा. तो ओटफ्रीड आहे."

गेरुंग यांचा चेहरा उतरला. "आणखी कुणी ओळखलं?"

"नाही."

"मग जाऊ द्या त्याला. त्यानं स्वतः तोंड उघडलेलं नाही. राज्य सुखात आहे. एका गादीला दोन धनी झाले तर सरदारांत तट पडतील. आणि राजपुत्राचं काय?"

यातले काहीच खोटे नव्हते. म्हणून तर ते कानाला बरे वाटले. वोल्मार खिडकीशी उभा राहिला. म्हातारा अंगणातून चालला होता. एका फुललेल्या झाडाशी तो थांबला, खोडावर तळहात टेकवला, आणि पुढे निघाला.

"जन्मभर ह्याच्यासाठी मी प्रार्थना केली," वोल्मार म्हणाला. "आणि आता हा आलाय, तर मी खिडकीत उभा आहे."

आणि तो धावत सुटला. ओल्या बाह्या, अनवाणी पाय. सरदार बघतच राहिले. फाटकापाशी त्याने सगळ्यांदेखत हाक मारली, "दादा!"

म्हातारा थबकला. मग वळला.

"का रे गप्प बसलास?" वोल्मारने त्याचे खांदे धरले.

"कैदेत होतो. परक्यांच्या मळ्यात पाणी ओढत होतो. तिथल्या धन्याला म्हातारपणी दया आली, त्यानं सोडलं. घर एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच मनात होतं. बघितलं. लोक तुझं नाव मायेनं घेतात. कशाला ते मोडायचं?"

"मोडायचं काही नाही. तू सांभाळायला दिलं होतंस, मी सांभाळलं. आता तुझं तू घे."

त्याच दिवशी वोल्मारने मुकुट उतरवून भावाच्या डोक्यावर ठेवला. काही सरदार चिडले. राजपुत्राने कित्येक दिवस बापाशी बोलणे टाकले. वोल्मार दरबारात खालच्या खुर्चीवर बसू लागला, आणि सुरुवातीला ते त्याला जडही गेले. पण संध्याकाळी दोघे भाऊ शेकोटीपाशी बसत. वडील घोड्यावरून पडले ती गंमत, ओढ्यात हरवलेला बूट, आईचे अंगाईगीत. एकाने आठवण सुरू करावी, दुसऱ्याने पुरी करावी. पुढे धर्मोपदेशक पुन्हा सैनिक मागायला आले, तेव्हा ओटफ्रीडने त्यांना पोटभर जेवू घातले आणि सांगितले, "मी जाऊन आलोय. माझ्या गावातल्या एकाही आईला मी वाट बघायला लावणार नाही." एल्मरातची पोरे घरीच राहिली. त्या दिवसांची आठवण निघाली की तिथली म्हातारी माणसे पुढे पुष्कळ वर्षे हळवी होत, असे म्हणतात.

काही वर्षांनी ओटफ्रीड गेला. गादी पुन्हा वोल्मारकडे आली. सरदारांनी जयजयकार केला, मठातल्या घंटा वाजल्या. मुकुट डोक्यावर चढला, तेव्हा वोल्मार शेजारी उभ्या असलेल्या मुलाला हळूच म्हणाला, "आईचा आवाज कसा होता, हे आता मी कुणाला विचारू?"

तात्पर्य: गेलेली गादी परत मिळू शकते, पण आपले बालपण ज्याला आठवते तो माणूस गेला की परत मिळत नाही. म्हणून आपल्या माणसाला आपले म्हणताना पदाचा विचार करू नये.