वरच्या दरवाज्यातला काटा

फार पूर्वी, किती ते मला विचारू नका, एका गडाखाली एक धनगरीण राहत होती. डोंगर चढून चढून तिची सगळी बकरी काटक झालेली. गडावरच्या फौजेसाठी राजा दरसाल बकरी विकत घ्यायचा. पण दोन वर्षं सगळी खरेदी परमुलखातल्या एका व्यापाऱ्याकडून झाली. निम्मे धनगर बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघून गेले. यंदाही गडानं घेतली नाहीत, तर हिलाही जावं लागणार होतं.

खरेदीच्या आदल्या दिवशी शेजारीण म्हणाली, "अगं, तो व्यापारी बकऱ्यांना मूठमूठ मीठ चारतो, मग तहानलेल्यांना पोट फुगेस्तोवर पाणी पाजतो. वजनाच्या काट्यावर पाणीच भरतं. तूही चार की!"

धनगरणीनं मिठाचं मडकं उघडलं. थोडं थांबली, मग झाकण दाबून बसवलं. "गडावर आपलीच पोरं आहेत बाई. त्यांच्या ताटात काय पाणी वाढू?"

दुसऱ्या दिवशी पायथ्याशी काटा टांगला. व्यापाऱ्याची दहा बकरी नऊ मण भरली, हिची दहा आठ मण. खरेदी करणारा गडाचा कारभारी लबाड नव्हता, पण काट्यापलीकडे बघायची त्याला सवय नव्हती. असले शहाणे आजही पुष्कळ आहेत.

"बाई, तुझी हडकुळी गं. ने परत."

"नेते. पण मायबाप, शिपाई जेवतात कुठं?"

"वर गडावर. हे काय विचारणं झालं?"

"मग काटाही वरच टांगा."

व्यापारी पोट धरून हसला. "उद्या म्हणशील ढगात टांगा!"

कारभाऱ्यानं डोकं खाजवलं. बकरी वर न्यायचीच तर होती. "चला सगळी वर," तो म्हणाला.

पायऱ्या नऊशे. हिची बकरी उड्या मारत गेली. व्यापाऱ्याची पायरीपायरीला मुतत चालली, आणि अर्ध्यावर चार बकऱ्यांनी फतकलच मारली. ती व्यापाऱ्यानं एकेक करून खांद्यावर वाहिली. आता हसू कुठं गेलं कोण जाणे.

वर काटा टांगला. त्याची भरली साडेसात मण. हिची आठाला दोन शेर कमी.

कारभारी खाली मान घालून म्हणाला, "बाई, दोन वर्षं आम्ही पाणी विकत घेतलं."

"मग यंदा बकरी घ्या."

घेतली. तेव्हापासून काटा वरच्या दरवाज्यातच टांगलेला आहे. गेलेले धनगर एकेक करून परतले. व्यापारीही येतो, पण मिठाविना.

तात्पर्य: घरचा माल हडकुळा म्हणण्याआधी काटा कुठं टांगलाय ते बघा. आणि मीठ आपल्या आमटीत घाला.